बाराच्या उन्हातली विहीर

वारज्यातली आमची विहीर मी आणि माझ्या थोरल्या भावाने खणली. शाळा चौथीपर्यंत, पण खडक मला वाचता यायचा. काळा पाषाण संपून तांबड्या मातीचा पट्टा लागला, की पाणी जवळ आलं समजायचं. त्या पट्ट्यातून पहिली बोटाएवढी धार सुटली तेव्हा भाऊ ओरडला, आणि मी, कुणापुढे न वाकणारा, तिथेच चिखलात गुडघे टेकले.

पण खरी गोष्ट दुपारी बाराची. उन्हाळ्यात ऊन सरळ तळाला उतरायचं आणि पाण्यावरून उसळून काळ्या भिंतींवर चढायचं. सगळा खडक हलायचा. इतक्यांदा पाहिलं, तरी अंगावर काटा यायचाच.

कंप्युटरच्या कंपन्या आल्या, जमिनी गेल्या. सही मीही केली, ते लपवत नाही. विहीर ठेवू, असं बिल्डर तोंडी म्हणाला होता. मग एका सकाळी ती बुजवायला राडारोड्याचे डंपर आले. मी पायऱ्या उतरून तळाशी जाऊन बसलो.

मुलगा वरून ओरडला, "आबा, वर या! लोक हसत्यात."

"हसू दे. दात हायत त्यांना."

"किती वेळ बसणार?"

"बारापर्यंत. तू खाली ये. एकदा बघ, मग टाका काय टाकायचं ते."

लहानपणी बुडेल म्हणून मीच त्याला कधी खाली उतरू दिलं नव्हतं. आता पाहिल्यावर ती बुजवू द्यायला त्याचं मन धजणार नाही, अशी माझी खात्री होती.

तो आला. बारा वाजले. ऊन उतरलं, भिंती हलल्या. त्याने मान वर केली आणि तोंड उघडंच राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरूनही ऊन फिरत होतं. मला वाटलं, जिंकलो.

"लई भारी हाय, आबा," तो हळूच म्हणाला. डोळे पुसले. "चला आता. डंपर खोळंबलेत."

आंधळ्याची समजूत घातली असती. त्याला तर दिसलं होतं.

त्याने हात पुढे केला. मी धरला नाही. पायऱ्या माझ्या मी चढलो.

आता तिथल्याच इमारतीत आम्ही राहतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी झिरपतं, पंप लावून गटारात सोडतात. कुठून येतं, सोसायटीला कळत नाही. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाराला मात्र लिफ्टने खाली जातो. ट्यूबलाइट जळत असते. पाणी नुसतं पडून असतं. साडेबारापर्यंत थांबतो आणि वर येतो.