शिवडा आणि सासूबाई

मनुष्यजातीत भेद दोनच: खाऱ्या पाण्यातले मासे खाणारे आणि गोड्या पाण्यातले खाणारे. हे तत्त्वज्ञान माझ्या सासूबाईंचं. त्यांनी धाकट्या डहाणूत जन्मभर समुद्राची मासळी विकली. मी पडलो तलासरीचा, आणि लग्नाला दोन वर्षं होऊनही माझ्या गावचा मासा त्यांच्या चुलीवर चढला नव्हता.

२०१६ साली आमच्या धरणात मला शिवडा मिळाला. माझ्या हातापेक्षा लांब, अंगावर एक खवला नाही, लांब मिशा आणि कानापर्यंत फाटलेलं तोंड. मला घरी थांबवेना. पाण्याच्या पिंपात घालून मी तो टेम्पोने थेट सासुरवाडीला नेला आणि त्यांच्यापुढे पाटावर ठेवला.

"जावई, याला चिखलाचा वास येतो," सासूबाई दुरूनच म्हणाल्या.

"आई, ताजा आहे का, तेवढं तरी बघा."

हे आव्हान धंद्याचं होतं. त्यांच्या टोपलीत येणारा मासा मेलेलाच असे, त्यामुळे त्यांनी सवयीने त्याच्या तोंडात अंगठा घातला. शिवड्याने तोंड मिटलं.

"ताजा आहे," अंगठा सोडवत त्या म्हणाल्या.

दुपारी अंगठ्याला हळद बांधलेली असल्यामुळे त्यांनी शिवड्याचे चार तुकडे चमच्याने खाल्ले.