हवालदारांची सोनेरी कपबशी

दगडू हवालदारांना युद्धाचं विचारलं की ते चहाचं सांगत. एकाहत्तरच्या लढाईत त्यांनी गोळीबारातून तीन जखमी जवान ओढून आणले होते, त्यापायी डावा गुडघा घालवला होता आणि छातीवर पदक आणलं होतं. शाळेत पोरं रणगाड्याची वाट बघत बसायची आणि हवालदार सांगायचे, "खंदकात चहाचा मग एकच होता. आमी सात जण. एक सरदारजी, एक मद्रासी, एक डोगरा. तोच मग फिरायचा. लय गोड चहा होता." संपलं युद्ध. पोरं हिरमुसायची आणि माझी पंचाईत व्हायची, कारण आदल्या दिवशी रणगाडा मीच कबूल केलेला असायचा.

मी तेव्हा पंचविशीतला मास्तर. ताडकळसपासून दोन कोसांवरच्या त्या गावात नवा रुजू झालेलो आणि सरपंच पाटलांच्या माडीवर फुकट राहणारा. हवालदार बौद्धवाड्यातले. पदक घेऊन आले त्या वर्षी पाटलांनी जाहीर केलं की पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा हवालदारच फडकवणार. बैलगाडीतून मिरवणूक, पुढं हलगी, वर गुलाल. त्यांच्यासाठी खास कपबशी आणायला मला ताडकळसच्या बाजारात पिटाळलं. नवरी निवडावी तशी मी ती निवडली, सोनेरी काठाची. बाकीच्यांना शाळेचे काचेचे गिलास आणि हवालदारांना सोनेरी कपबशी. केवढा हा मान, असं मला खरोखर वाटलं.

चहा झाला. शिपाई गंगाराम गिलास गोळा करत आला आणि कपबशीपाशी थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हेडमास्तरांकडं. हेडमास्तरांना त्याच क्षणी देशप्रेमाचं भरतं आलं आणि ते झेंड्याकडं बघू लागले. हवालदार उठले, लंगडत रांजणापाशी गेले, कपबशी विसळली आणि खिडकीत पालथी ठेवली. गावातल्या हॉटेलातही त्यांच्या वाड्याचे कप बाहेरच्या फळीवर असायचे. ज्यानं प्यायचं त्यानंच विसळायचं. आम्ही त्याच कपाला फक्त सोनेरी काठ लावला होता.

पुढं आसपासच्या गावांनीही हवालदारांचे सत्कार केले. एकदा ते हसत मला म्हणाले, "मास्तर, पदक एकदाच मिळालं. कपबशी मात्र दर गावात नवी मिळायलीय." मी पोट धरून हसलो. ते माझ्या आधी हसायचे थांबले.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी ते वर्गाच्या दारात येऊन ताठ उभे राहिले. "या खेपेला सगळ्यायच्यासारखा गिलास द्या मला. हार नको, भाषण नको. एवढंच." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. नाटकात काम करत असतो तर टाळ्या पडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रे माझ्याच हातात आला. आठ गिलास, आणि मधोमध ती कपबशी. मी पाटलांच्या कानाशी लागून पाहिलं. ते गोड हसून म्हणाले, "गुर्जी, माडीवर हवा बरी येती ना?" तिथून हवालदारांच्या खुर्चीपर्यंत दहा पावलं होती. नऊ पावलं मी मनात बंड केलं आणि दहाव्याला कपबशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चहा संपवला. निदान विसळावी तरी म्हणून मी हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," ते हळू म्हणाले. "तुमची नोकरी हाय." आणि रांजणाकडं निघाले.

पुढच्या पंधरा ऑगस्टला पाय दुखतोय असा त्यांचा निरोप आला. पाटलांनी त्यांना आणायला मला धाडलं. इतक्या दिवसांत मी त्या वाड्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. हवालदारांच्या म्हाताऱ्या आईनं घोंगडी अंथरली. हवालदारांनी एकच विचारलं, "आज गिलासात हाय का?" मी घोंगडीवरची काडी वेचू लागलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात म्हातारीनं माझ्यापुढं चहा ठेवला. कान तुटलेला कप, काठोकाठ भरलेला. पाटील तिकडं शाळेत. बघायला दारातल्या कोंबडीशिवाय कुणी नव्हतं. मला फक्त हात पुढं करायचा होता. तोंडातून मात्र शब्द निघाले, "आत्ताच घेऊन आलो, माय."

सकाळपासून माझ्या पोटात चहाचा थेंब नव्हता.

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. राग असता तर मी सोसला असता. त्यांनी माझ्यापुढचा कप उचलला, "दे माय, मी घेतो," म्हणाले आणि सावकाश संपवला. मग खुंटीवरचा कोट काढला, पदक नीट लावलं आणि काठी घेऊन उंबऱ्याबाहेर पडले.

"चला मास्तर," मागं न बघता ते म्हणाले, "झेंड्याचा काय गुन्हा हाय?"