पहाटे पाचचा हट्ट

मी शाळेत बाई आणि घरातही बाईच. सगळ्यांना वळण लावायची भारी खोड मला.

बाबांनी नारपोलीत कापडाच्या लूमवर तीस वर्षं कायम रातपाळी केली. सकाळी घरी यायचे, चहा घ्यायचे आणि दुपारपर्यंत गाढ झोपायचे. रिटायर झाले तरी तेच. रात्र जागून काढायची आणि दिवसा घोरायचं. तिथल्या सुताच्या धुळीने फुफ्फुसं पार गेलेली. डॉक्टर म्हणाले, ह्यांना थोडं चालवा. कधी, ते नाही म्हणाले. ते मी ठरवलं. लवकर निजे, लवकर उठे! वर्गात घोकून घेते, मग घरात का नको? रात्री लवकर निजवायचे आणि रोज पहाटे पाचला उठवून त्यांना धामणकर नाक्यापर्यंत न्यायचे.

बोटाला लावून ऑक्सिजन बघायचं मशीनही आणलं होतं. पण ते मी लावायचे संध्याकाळी, चहा पिऊन बाबा जरा तरतरीत झाले की. आकडा चांगला यायचा, मी खूश. पहाटे डब्याची घाई, तेव्हा एकदाही लावलं नाही.

"बाय, छाती जड झालीय गं," ते वाटेत म्हणायचे.

"काही नाही, आळस आहे तुमचा."

शेजारी म्हणायचे, लेक असावी तर अशी. मेलं ते ऐकायला किती गोड वाटायचं मला!

महिनाभराने एका पहाटे बाबा नाक्यावर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत. हॉस्पिटलात दोन दिवस काढले आणि गेले.

तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं, "हृदयालाही आपलं घड्याळ असतं. ऑक्सिजन कमी पडला तर ते किती सोसेल, हे वेळेवरही अवलंबून असतं. पहाट तशीही हृदयाला जड. त्यात ह्यांचं घड्याळ तीस वर्षं उलटं चाललेलं. पण पहाटेच्या चालण्यानेच झालं असं मी म्हणणार नाही."

ते नाही म्हणणार. मी म्हणते, रोज म्हणते.

कारण त्या दिवशी निघताना बाबांनी विचारलं होतं, "बाय, संध्याकाळी जाऊ का? तवा मना बरं वाटतं."

"संध्याकाळी मला वह्या तपासायच्या असतात, बाबा."

आरोग्यबिरोग्य काही नाही, वह्या! बाबा वाकून चपला घालायला लागले, तर तेवढ्यानेही त्यांना धाप लागली, आणि मी दारात कुलूप घेऊन उभी होते.