वाचणारं घर

आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये पुस्तकांची भिंतभर कपाटं आहेत आणि त्यातलं एकही पुस्तक मी वाचलेलं नाही.

यावरून मी वाचत नाही असा कुणी ग्रह करून घेऊ नये. मी भरपूर वाचतो. पण आमच्या हिचा एक नियम आहे: नवं पुस्तक दारातून आत आलं की एक वाचलेलं बाहेर गेलं पाहिजे. (न वाचलेलं दिलं तर मी आठवडाभर जेवताना उसासे टाकतो, म्हणून 'वाचलेलं'.) माझा विकत घ्यायचा वेग वाचायच्या वेगापेक्षा जरा जास्त. वाचलेली पुस्तकं एकेक करून भाच्यांकडे, शेजाऱ्यांकडे, वाचनालयाकडे गेली आणि कपाटात राहिली ती सगळी कोरी करकरीत! मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. केतकीचं लग्न ठरायची वेळ येईपर्यंत.

केतकी आमची एकुलती एक. मुलगा तिच्याच ऑफिसातला, तिनंच पसंत केलेला. त्याचे वडील कसबा पेठेतले, मराठीचे निवृत्त शिक्षक; सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांची अट एकच, की मुलगी वाचणाऱ्या घरातली हवी.

"बाबा, प्लीज," ते आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी केतकी म्हणाली, "तुम्ही फक्त पुस्तकांवर बोला. बाकी काही बोलू नका."

"पुस्तकांवर? अगं, त्यात मला कोण हरवणार!" मी म्हणालो. माणसाचं वाईट व्हायचं असलं की असंच काहीतरी तोंडून निघतं.

गुरुजी आले, आणि पोह्यांकडे न बघता थेट कपाटाकडे गेले. एक जाडजूड चरित्र काढलं.

"हे कसं वाटलं?"

"ते वाचायचंय अजून."

"अस्सं." त्यांनी शेजारचं प्रवासवर्णन काढलं. "हे?"

"हे त्याच्यानंतर घेणार आहे."

"आणि हे?"

आता तिसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसेना. मी डोळे मिटून म्हणालो, "अप्रतिम. शेवट तर अंगावर येतो."

"हा पहिला खंड आहे," गुरुजी म्हणाले. "शेवट तिसऱ्यात असावा."

"हो, तिसरा वाचून झाला. म्हणून तर देऊन टाकला."

"पहिल्याच्या आधी?" असं म्हणून त्यांनी पुस्तकावरचं प्लास्टिकचं वेष्टण नखानं हळूच टोकरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केतकी पदराशी चाळा करत होती. (ती एरवी साडी नेसत नाही. तेवढ्यासाठी नेसली होती.)

ही माझ्या मदतीला धावली, आणि उरलंसुरलं बुडालं.

"अहो, तसं नाही. हे खूप वाचतात. वाचलेली सगळी आम्ही देऊन टाकतो."

"म्हणजे वाचलेलं एकही पुस्तक घरात नाही?"

"नाही ना."

"आणि घरात आहेत ती वाचलेली नाहीत."

"बरोबर," ही समाधानानं म्हणाली.

शब्दन् शब्द खरा होता, आणि आम्ही दोघं पट्टीचे थापाडे दिसत होतो. गुरुजींनी चष्मा पुसला आणि मोर्चा केतकीकडे वळवला.

"तू वाचतेस का गं?"

"हो काका, रोज. वाचनालयातून आणते."

"घरात एवढी असताना?"

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, जमेल त्या सगळ्यांनी विनवण्या केल्या. पण पोरीला खोटं बोलायची सवय नाही. (हिच्यावर गेलीय.)

"नव्या पुस्तकाला पहिला हात बाबांचा. पानं दुमडतात ना, म्हणून. त्यांचं वाचून झालं की मग आम्हाला."

"आणि त्यांचं वाचून झालं की?"

"मग ते घरातून जातं," ही म्हणाली.

पोहे गार झाले. गुरुजी 'कळवतो' म्हणून गेले, आणि केतकी साडी न बदलताच आतल्या खोलीत जाऊन बसली. मी बाहेर कपाटासमोर उभा होतो. उभ्या आयुष्यात पुस्तकांचा राग आला तो त्या दिवशीच. माझ्या हौसेपायी मुलीचं लग्न मोडलं असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

संध्याकाळी फोन आला.

"मुलगी पसंत आहे," गुरुजी म्हणाले. "लग्न फार लांबवू नका."

"पण ती वाचणाऱ्या घराची अट..."

"ती मी सोडली. पोरीला तिथून लवकर बाहेर काढायचं, एवढंच आता ठरवलंय. आमच्याकडे आली की बिचारीला निदान पुस्तकं तरी वाचायला मिळतील."

मी आभार मानले. फोन ठेवून बघतो तर केतकी दारात उभी राहून आनंदानं रडत होती. लग्नामुळे की पुस्तकांमुळे, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.