झुंबरबाईची अंबाडी

आमच्या खोडदची झुंबरबाई दरसाल बाजरीच्या कडंनं अंबाडी पेरते. पाला भाजीला, सालीचा वाख पोळ्याच्या दोरांना आणि बी पुढच्या पेरणीला. ते बी तिच्या आईनं लग्नात पदराला बांधून दिलेलं. आता दुसऱ्या कुणाकडं उरलं नाही.

यंदा भादव्यात गावातल्याच गोकुळ नावाच्या पोरानं फवारणीचा ड्रोन उडवला आणि तिच्या शेताचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. अंबाडीची शेंड्याची पानं पंजासारखी चिरलेली, थेट गांज्यावाणी. कुणीतरी खाली लिहिलं, "आजीनं गांजा लावला!" ती गंमत फिरत फिरत पोलिसांपर्यंत गेली.

सकाळी जीप बांधावर. साहेब नवेच बदलून आलेले. म्हणाले, "आजी, गांज्याचं एक झाड लावलं तरी गुन्हा आहे. सगळं उपटावं लागेल."

झुंबरबाईनं विळा खाली ठेवला आणि ओळीतच बसकण मारली. "उपटा की. पन आदी तपासा. आजून बी धरलं न्हाई. आज उपटलं तर माझ्या आईचं बी संपलं, राव!"

बांधावर जमलेल्या गावकऱ्यांतून मी म्हटलं, "साहेब, ती उठायची नाय. नवऱ्यानं उठवलं तरी कदी उठली नाय." साहेबसुद्धा हसले.

मग सोबतच्या पोलीस बाईंनी पेटी उघडली. पाला चुरून काचेच्या नळीत घातला, वर औषधाचे थेंब. म्हणाल्या, "गांज्याची नशा जास्त करून फुलाच्या चिकट राळेत, थोडी पाल्यातही. ती असली की जांभळा रंग चढतो."

दूध उतू जाईल म्हणून बघावं तसे आम्ही नळीकडं बघत राहिलो. रंग काही चढेना. दुसऱ्या ओळीचा पाला घातला. तरी नाही.

"अंबाडीच आहे," साहेब म्हणाले. "राहू द्या."

झुंबरबाई आत्ता कुठं उठली, पदर झटकून. "पन बाई, गांज्याचं औशीद बी करत्यात म्हनं? गुडगा लई ठनकतोय माझा."

"करतात. आकडीला, कॅन्सरवाल्यांच्या उलट्यांना. पण मोजूनमापून. करणाऱ्याला परवाना, घेणाऱ्याला डॉक्टरची चिठ्ठी."

"मंग ऱ्हाऊ द्या. माझ्या अंबाडीला कुनाची चिठ्ठी लागत न्हाई!"

दिवाळी सरली आणि बी पिकलं, पोतंभर. वाख सोलायला तिनं गोकुळलाच बसवला. पोलीस बाई आपणहून आल्या, रुमालात मूठभर बी बांधून घेऊन गेल्या. ठाण्याच्या मागं पेरणार आहेत म्हणे.

आता तिथं कोण तक्रार करतंय, बघू.