उत्तर गाडीत मिळेल

बी.कॉम.ला असताना मी लेखापरीक्षणाच्या ज्या व्याख्या घोकल्या होत्या, त्यातली आज एकही धड आठवत नाही. पण जिराफाच्या एवढ्या लांब मानेत मणके सातच असतात, माणसाच्या मानेत असतात तेवढेच, हे पक्कं आठवतं. तीस वर्षांत या माहितीचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. कार्यालयात कुणी जिराफाविषयी विचारलं नाही, आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन तोवर कुणी विचारेल अशी चिन्हंही नाहीत. तरी ती जात नाही.

ही माहिती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही. ती गेवराईच्या एसटी स्टँडवरच्या भोंग्यातून मिळाली.

गोष्ट पंच्याण्णव सालची. मी गेवराईतल्या एका कॉलेजात नवा कारकून होतो. गावात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले होते, किराणा दुकानांच्या दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, आणि ज्याच्या घरी केबल आली त्याचे नातेवाईक अचानक वाढले होते. मी खोली घेऊन एकटा राहायचो. संध्याकाळी कॉलेज सुटलं की स्टँडवर चहा प्यायचो आणि वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये जाऊन बसायचो. त्यांचं नाव गहिनीनाथ. सगळे त्यांना कंट्रोलर अण्णा म्हणत.

अण्णा पन्नाशीचे, बुटके, खाकी शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आवाज मात्र एखाद्या धिप्पाड माणसाचा. त्यांना वाचनाचा भारी नाद, पण पेपर कधी विकत घेतला नाही. प्रवासी सीटवर सोडून गेलेले पेपर वाहक मंडळी त्यांना आणून देत. पुण्याचा, लातूरचा, सोलापूरचा, कधी हैदराबादचा उर्दू. उर्दू त्यांना वडिलांनी शिकवलेली. बऱ्याचशा पेपरांत कुणीतरी भाकरी बांधलेली असे, त्यामुळे अण्णांच्या ज्ञानाला शेंगदाण्याच्या चटणीचा वास यायचा.

शहागडच्या पुलावर वाळूच्या ट्रकांची कोंडी झाली की औरंगाबादकडून येणाऱ्या गाड्या अडकून पडायच्या. अशाच एका संध्याकाळी लोक खिडकीशी येऊन अण्णांना बोलायला लागले. अण्णांकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माईक उचलला आणि समोर पडलेल्या पेपरातलं वाचून दाखवलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. जिराफाच्या मानेत सात मणके असतात. माणसाच्याही मानेत सातच असतात." बाकावरचा एक म्हातारा स्वतःच्या मानेवरून हात फिरवून मोजायला लागला. भांडायला आलेली माणसं जिराफावर बोलत परत गेली.

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. गाडी लांबली की माहिती. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. फुलपाखरू पायांनी चव घेतं. शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो. हे सगळं ते गाड्यांचं वेळापत्रक सांगावं त्याच सुरात सांगत. एकदा म्हणाले, उंटाच्या मदारीत पाणी साठलेलं असतं. आमच्या कॉलेजातल्या विज्ञानाच्या सरांनी त्यांना गाठून चूक दाखवली. दुसऱ्या दिवशी भोंगा बोलला, "प्रवाशांनी नोंद घ्यावी. काल सांगितलेल्या उंटामध्ये बदल झालेला आहे. मदारीत पाणी नसून चरबी आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

त्याच वर्षी स्टँडच्या फाटकाबाहेर जिपा उभ्या राहायला लागल्या. जीपवाल्यांत म्हाळू सगळ्यांत तरबेज. "शेंदूरवाडी, शेंदूरवाडी, एकच शीट," असं तो ओरडायचा. जीप रिकामी असो की टपावर माणसं बसलेली असोत, त्याला एकच शीट कमी असायचं.

शेंदूरवाडीला संध्याकाळी एक एसटी जायची. रात्री तिथेच मुक्काम करून सकाळी लवकर परत यायची. या मुक्कामी गाडीनं आमच्या कॉलेजात चार मुली यायच्या. त्यातली रोहिणी अकरावी कॉमर्सला होती. तिच्या गावात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच मुलींची तुकडी.

दिवाळी झाली आणि बीडहून एसटीचे साहेब येऊन सांगून गेले, की संक्रांतीपर्यंत उत्पन्न सुधारलं नाही तर ही फेरी बंद. मी कॉमर्सचा माणूस, मला यातली मेख लगेच कळली. सवलतीच्या पासवाल्या मुलींनी चार सीटं भरतात, उत्पन्न भरत नाही. तिकीट काढणारे बाप्ये सगळे म्हाळूच्या जिपेत.

रोहिणीचे वडील धोंडीराम रोज भाजी घेऊन बाजारात येत. अण्णांनी त्यांना खिडकीशी बोलावून ही बातमी सांगितली.

"गाडी हाय तवर पोरगी शिकंल," धोंडीराम म्हणाले. "गाडी बंद, कॉलेज बंद. असल्या गर्दीत जिपीत पोरगी बसवायची न्हाई मला."

"आन तुमी कशात जाता?"

"जिपीत. मला घाई असती."

"मंग गाडीला शीटं कुणी द्यायची?"

"ते सरकारचं काम हाय," असं म्हणून धोंडीराम जिपेकडे गेले.

अण्णा बराच वेळ माईकच्या बटणावर अंगठा ठेवून बसले होते. दुसऱ्या दिवशी भोंगा वेगळंच बोलला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. समुद्रात घोड्याच्या तोंडाचा एक मासा असतो. त्याच्यात पोटुशी बाई राहत नाही, बाप्या राहतो. तो लेकरं कुठं वागवतो, याचं उत्तर शेंदूरवाडीच्या गाडीत मिळेल." आणि माईक बंद. उत्तर त्यांनी त्या गाडीच्या वाहकाला, आप्पारावला, कानात सांगून ठेवलं होतं.

फाटकाकडे निघालेले दोघं-तिघं थबकले. बाकीचे गेलेच. धोंडीरामही गेले. पण दुसऱ्या दिवशी बाजारात जायच्या आधी ते भाजीची पाटी डोक्यावर घेऊनच खिडकीशी उभे.

"अण्णा, त्या माशाचं काय झालं?"

"गाडीत सांगितलं की काल."

"मी जिपीत गेलतो. पोरीला इचारलं तर ती म्हन्ती, तिकीट काढा."

"बरोबर म्हन्ली."

"अहो, रातभर डोकं फिरलं माझं. बायकू म्हन्ली, तुमाला काय करायचंय मेल्या माशाशी."

त्या संध्याकाळी धोंडीरामांनी तिकीट काढलं, तेव्हा आप्पारावनं त्यांना सांगितलं की नराच्या पोटाला पिशवी असते. हळूहळू गाडी भरायला लागली. भोंग्यावर रोज नवा प्रश्न निघे, आणि गाडी सुटेपर्यंत आप्पाराव उत्तर द्यायचा नाही. तिकिटं झाली, घंटी वाजली, की तो मधल्या दांड्याला धरून उभा राहायचा आणि सगळी गाडी मागे वळून बघायची.

म्हाळू एकदा केबिनमध्ये आला. "अण्णा, आमच्या पोटावर कावून उठलाव?"

"तू बी सांग की जिपीत."

"मला काय ठाऊक हाय?"

"मंग वाच."

म्हाळूनं खरोखर प्रयत्न केला. कावळ्याला दोन पोटं असतात असं त्यानं आपल्या मनानंच ठोकून दिलं. जिपेतले लोक म्हणाले, थांब, आप्पारावला इचारून सांगतो.

असं चाललं असताना एक दिवस माजलगावचा एक प्रवासी भोंगा ऐकत बसला आणि त्याची गाडी समोरून निघून गेली. त्यानं तक्रार केली. तक्रार रास्त होती. बीडहून निरोप आला, की माईकचा वापर फक्त गाड्यांच्या सूचनांसाठी करावा. अण्णा नियमाचे पक्के. त्यांनी त्या दिवसापासून एक शब्द जास्तीचा काढला नाही. आठवडाभरात म्हाळूची जीप पुन्हा टपापर्यंत भरली.

मी केबिनमध्येच होतो तेव्हा रोहिणी खिडकीशी आली. "अण्णा, आज काय हाय?"

"बंद केलंय बाळा ते."

"भोंगा बंद केलाय ना?"

"मला बी बंदीच समज. मी ड्यूटीवर असतो."

"मी कुठं ड्यूटीवर हाय?" ती म्हणाली. "मला सांगा. मी सांगते लोकांला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी नियम आठवून बघितला. त्यात विद्यार्थिनींचा उल्लेख नव्हता, असं मी सांगितलं.

पहिल्या दिवशी तिचा आवाज ओढणीच्या बाहेरसुद्धा आला नाही. पुरुषांच्या बाकासमोर ती नुसतीच उभी राहून परत आली. मग चौघी मिळून बायकांच्या बाकांपाशी गेल्या. बायकांनी ऐकलं आणि त्यांनीच आपापल्या नवऱ्यांना हाका मारल्या. पुढे पुढे रोहिणी सरळ फाटकापर्यंत जायला लागली. चहावाला म्हणायचा, भोंग्यापेक्षा हे बरं, भोंग्याला उलट प्रश्न विचारता येत नव्हता.

संक्रांत दोन दिवसांवर आली. त्या संध्याकाळी बीडचे साहेब स्वतः गाडीनं शेंदूरवाडीला जाऊन फेरी बघणार होते, आणि नेमकी त्याच दिवशी पुलावर कोंडी झाली. शेंदूरवाडीची गाडी आधी औरंगाबादहून यायची, मग पुढे जायची. साडेपाच झाले, सहा झाले. साहेब घड्याळ बघत फलाटावर उभे. म्हाळूनं भाडं कमी केलं आणि जीप फाटकाला चिकटवून लावली. निम्मी शेंदूरवाडी तिच्यात जाऊन बसली. पुढच्या सीटवर धोंडीराम होते.

रोहिणी जिपेपाशी गेली. मी आणि अण्णा केबिनच्या दारात आलो.

"एक जनावर हाय," ती म्हणाली. "ते झोपतं तवा अर्धं झोपतं आन अर्धं जागं राहतं. एक डोळा मिटतं, एक उघडा. कोन्तं?"

"आमचा चुलता," मागून कुणीतरी म्हणालं.

"कोल्हा असंल."

"ससा."

"सांग की," धोंडीराम म्हणाले.

"आप्पारावकाकांला ठाऊक हाय."

"तुला न्हाई?"

"हाय."

"मंग सांग."

"न्हाई सांगत, दादा."

धोंडीरामांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हैस व्यायला टेकलीय, पोरी. मला घाई हाय."

"ठाऊक हाय. गाडी बंद झाली तर तुमाला घाई करायची गरज न्हाई. मीच बसते म्हशीपाशी जलमभर."

ती हे मोठ्यानं बोलली नाही. पण फाटकापाशी तेव्हा दुसरा आवाज नव्हता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. धोंडीरामांनी पायाशी ठेवलेली रिकामी पाटी उचलली आणि खाली उतरले.

"ए बे धोंडीराम, कावून उतरला?" म्हाळू म्हणाला.

"तुझ्या जिपीत हवा न्हाई."

"टपावर बस की मंग."

धोंडीराम फलाटावर येऊन उभे राहिले. एक-एक करून बाकीचेही आले. काही त्यांच्याकडे बघून आले, काही त्या जनावरापायी. गाडी आली तेव्हा अंधारून आलं होतं. साहेबांना बसायला जागा मिळाली नाही. ते शेंदूरवाडीपर्यंत उभ्यानं गेले, आणि आप्पारावनं डॉल्फिनचं नाव घेतलं तेव्हा त्यांनीही मान पुढे केली, असं आप्पाराव सांगायचा. रिकाम्या जिपेला टेकून म्हाळूनं मला विचारलं, "साहेब, खरंच कोन्तं जनावर हाय ते?" मी त्याला सांगितलं. आता लपवून काही उपयोग नव्हता.

धोंडीराम घरी पोचेपर्यंत म्हैस व्याली होती. रेडकू उभंसुद्धा राहिलं होतं.

फेरी चालू राहिली. आता गेवराईला गेलो की सगळं बदललेलं दिसतं. सूचना ध्वनिमुद्रित असतात. आवाज गोड आहे, पण तो गाड्यांखेरीज काही बोलत नाही, आणि गाडीची वाट बघणारे आपापल्या फोनमध्ये माना घालून बसलेले असतात. अण्णा जाऊन दहा वर्षं झाली.

तेव्हा, फेरी चालू राहणार हे कळलं त्या आठवड्यात, धोंडीराम आम्हा दोघांना हुरड्याचं आमंत्रण घेऊन आले. तेव्हा मला कळलं, की रोज त्या गावाचं नाव पुकारणाऱ्या अण्णांनी शेंदूरवाडी कधी पाहिलीच नव्हती. शुक्रवारी ड्यूटी संपवून ते पाहुण्यासारखे खिडकीशी बसले. तिकीट काढायचा त्यांनी हट्ट धरला. आप्पारावनं उत्तर सांगताना ऑक्टोपसच्या हृदयांची संख्या आणखी वाढवली, तेव्हा चूक सुधारायला उठू नये म्हणून अण्णांनी माझा हात घट्ट धरून ठेवला.

गाडी मारुतीच्या पारापाशी लागली. ड्रायव्हरनं गाडीतच अंथरूण टाकलं. आम्ही हुरडा खाल्ला, धोंडीरामांच्या ओसरीवर झोपलो. सकाळी धुक्यात गाडीचं इंजिन धडधडत होतं. चौघी मुली पुढच्या बाकांवर पुस्तकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात घोंगडी पांघरलेला एक माणूस धावत आला, त्याच्या मागे दोन वेण्यांची एक मुलगी.

"कंट्रोलर तुमीच का?" त्यानं खिडकीतून विचारलं. "ही औंदा दहावीत हाय. जूनपासून येईल. पास कसा काढायचा?"

अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवलं; पासाला लागणारा कॉलेजचा दाखला मीच लिहून द्यायचो. आप्पारावनं घंटीच्या दोरीवरचा हात खाली घेतला, आणि मी त्या माणसाला पासाची सगळी रीत सांगून होईपर्यंत गाडी थांबून राहिली.