भट्टीतला गूळ

मंडळी, आज सकाळी आमच्या नागरवाड्यातल्या घराला आग लागली असंच वाटलं मला!

आमच्या ओळखीचे, गोरव्याचे गुजराती कांतिकाका आयुष्यभर दातांच्या कॅप ओतायचे. आता निवृत्त झाले, म्हणून त्यांची जुनी भट्टी मी घेतली, चांदीचे दागिने ओतायला. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा घालायचा, भट्टीत मेण जाळायचं आणि उरलेल्या पोकळीत चांदी ओतायची.

वायर तपासली, प्लग तपासला आणि आधी नुसतीच तापवून बघू म्हणून बटण दाबलं. थोड्याच वेळात धूर! "जुनी घेऊ नकोस म्हटलं होतं," नवरा खोकत म्हणाला. मेन स्विच बंद करून मी रडवेल्या आवाजात काकांना फोन लावला.

"अरे बेन, खाली भठ्ठी थोडी अपाय? अंदर गोळ मूक्यो छे!"

रिकामी भट्टी कशी द्यायची, म्हणून काकांनी आत गुळाचा खडा ठेवला होता. मी सगळं तपासलं, फक्त दार उघडून आत बघितलं नव्हतं.

घरात अजून चिक्कीचा वास येतोय. पहिला दागिना काय करायचा तेही ठरलंय: चांदीचा गुळाचा खडा, काकांसाठी.

कुणी मायेनं ठेवलेलं काही तुम्हीही असंच न बघता जाळलंय का?